सुवॉनचें बिऱ्हाड

नागपूर शहराच्या दक्षिणेस बेसा म्हणून गांव आहे. गांव म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. कारण ज्या वावरांत मीं तूर आणि कपाशी उभी पाहिली, तेथें आज सात-सात मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत, आणि मिहानमधील कचेऱ्यांत जाणाऱ्या तरुण मंडळींचीं बिऱ्हाडें त्यांत थाटलीं आहेत. शाळेंतून निवृत्त होतांना जी पुंजी हातीं आली, तींतून आम्ही येथें घर बांधलें. खालचा मजला आम्हां उभयतांसाठीं आणि वरचा चिरंजीवांसाठीं, असा बेत होता. परंतु २०२१ सालीं चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण कोरियांत गेले. दोन वर्षांनीं लग्न ठरलें, तेव्हां सुनेच्या पुस्तकांसाठीं म्हणून वरच्या खोलींत भिंतींतलीं कपाटें करून घेतलीं. लग्न झालें, आणि दोन महिन्यांत सूनबाईही तिकडे गेली. वरचा मजला तसाच राहिला. दर शनिवारीं सौ. वर जाऊन केर काढी व खिडक्या उघडून येई, एवढाच त्याचा उपयोग.

"तीन महिने येऊन राहा" असा दोघांचा आग्रह होता. पाहुणा म्हणून तेथें नव्वद दिवस राहण्याची परवानगी मिळते. सौ.ला मुलांना पाहावयाचें होतें. माझ्या मनांत मात्र निराळा हेतु होता. वरच्या मजल्यास नुकताच रंग दिला होता. त्याचीं चार छायाचित्रें काढून मीं बॅगेच्या तळाशीं ठेविलीं. परक्या मुलखांत मनुष्य नोकरी करूं शकतो, संसार करूं शकत नाहीं, असें माझें ठाम मत होतें. आणि योग्य वेळ पाहून तें मुलाच्या गळीं उतरवावें, असें योजून मी निघालों होतों.

१ सप्टेंबर २०२४ रोजीं आम्ही नागपूर सोडलें आणि दिल्लीहून विमानानें दुसऱ्या दिवशीं इंचॉनच्या विमानतळावर उतरलों. दिवस पोळ्याचा होता. घरच्या महालक्ष्म्या यंदा धाकट्या बंधूंकडे बसवावयाच्या ठरल्या होत्या. कुळाचार सोडून सौ. प्रथमच बाहेर पडत होती. त्यामुळें तिचें अर्धें मन सोळा भाज्यांत आणि आंबिलींत गुंतलेलें होतें. उरलेलें अर्धें हातांतल्या पिशवींत. कारण चितार ओळींतून घेतलेली चार बोटांची मातीची गणेशमूर्ति उपरण्यांत गुंडाळून तिनें तींत ठेविली होती.

सुवॉन हें ग्योंगी प्रांताचें मुख्य नगर. सोल राजधानीच्या दक्षिणेस सुमारें तीस किलोमीटरांवर तें वसलें आहे. वस्ती सुमारें बारा लक्ष. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स या जगद्विख्यात कारखानदारीचें मुख्य ठाणें याच शहरांत आहे, आणि शहराच्या मध्यभागीं सव्वादोनशें वर्षांपूर्वींचा दगडी कोटही आहे. चिरंजीवांचें बिऱ्हाड एका मोठ्या वसाहतींत चौदाव्या मजल्यावर. दार उघडतांच आंत एक पायरी खालीं सोडलेली जागा असते. जोडे तेथें काढल्याशिवाय कोणी घरांत पाऊल ठेवीत नाहीं, मग तो दुरुस्तीला आलेला कारागीर कां असेना. "घर शुद्ध आहे" असा निकाल सौ.नें तेथेंच दिला. लोक जमिनीवर बसतात, जमिनीवर ठेंगणें मेज मांडून जेवतात, पुष्कळसे जमिनीवरच अंथरूण घालून निजतात. आपण सोडून दिलेला पाट तेथें अजून शिल्लक आहे, असें मला वाटलें.

बाहेरून पाहतां सर्व सोपें दिसतें. पण नवें बिऱ्हाड कसें मांडलें जातें हें सूनबाईच्या तोंडून ऐकावें. दीर्घ मुदतीसाठीं राहणाऱ्या परदेशी माणसानें नव्वद दिवसांच्या आंत सरकारांत नोंद करून ओळखपत्र घ्यावें लागतें. तें हातीं येईतों स्वतःच्या नांवानें फोन घेणें, पेढींत खातें उघडणें, सगळेंच अडतें. घरभाड्याची तर तऱ्हाच वेगळी. तेथें 'चॉन्से' नांवाची जुनी रीति आहे. भाडेकरूनें घराच्या किंमतीचा मोठा हिस्सा ठेव म्हणून मालकाच्या स्वाधीन करावयाचा, बहुधा दोन वर्षें मासिक भाडें न देतां राहावयाचें, आणि जातांना ठेव परत घ्यावयाची. ज्याला तेवढी रक्कम जमत नाहीं तो थोडी ठेव आणि दरमहा भाडें अशा दुसऱ्या रीतीनें राहतो. आमच्या मुलांनीं दुसरा मार्ग धरला. तरी ती 'थोडी' ठेव ऐकून माझा घोट अडकला.

आणि कचरा! वाचकांस हा विषय क्षुद्र वाटेल. पण परदेशांतील संसाराचा पहिला धडा तोच आहे. १९९५ पासून त्या देशांत असा कायदा आहे कीं, ज्यानें जितका कचरा करावा त्यानें तितका आकार भरावा. साध्या कचऱ्यासाठीं ठराविक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. कागद, कांच, पत्रा, प्लास्टिक निरनिराळे. उष्टें-खरकटें आणखी वेगळें. त्यासाठीं आमच्या वसाहतींत एक यंत्रच होतें. त्याला पत्ता दाखविला कीं झांकण उघडतें, टाकलेलें तोललें जातें, आणि वजनाप्रमाणें आकार त्या घराच्या नांवें लागतो.

पहिल्याच आठवड्यांत, मुलांच्या उपयोगीं पडावें म्हणून, मी पीचचीं सालें आणि कोयी त्या यंत्रांत टाकून आलों. मागोमाग इमारतीचे वृद्ध रखवालदार आले. ते रागावले नाहींत. हातमोजा घालून त्यांनीं कोयी एकेक बाहेर काढल्या, साध्या कचऱ्याच्या पिशवींत टाकल्या, आणि मला दोनदां लवून नमस्कार केला. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका काढलेल्या माणसाला तो नमस्कार छडीहून लागला. सायंकाळीं सूनबाईनें नियम समजावून दिला: जनावर जें खाऊं शकेल तेंच खरकटें, कोय, हाड, अंड्याचें टरफल, कांद्याचें वाळकें साल हें खरकटें नव्हे. व्याकरणांतील सूत्रासारखा आटोपशीर नियम! मग म्हणाली, "बाबा, मीं पहिल्या महिन्यांत तीनदां चुकलें होतें. तेव्हां मला समजावून सांगणारें कोणी नव्हतें. त्यांचें बोलणें ऐकून मी नुसती मान हलवीत असें."

शाकाहारी माणसाची तेथें अडचण आहे, हें कबूल केलें पाहिजे. भाजीच्या दिसणाऱ्या रश्शांतही सुक्या मासळीचें पाणी असतें, आणि किमचींत, म्हणजे कोबी-मुळ्याच्या त्यांच्या तिखट लोणच्यांत, खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क घालतात. परंतु घरीं करून खाणाराला तुटवडा नाहीं. पालक, मुळा, कमळकाकडी, मोड आलेलीं कडधान्यें, सोयाबीनचें पनीर, तिळाचें तेल, उत्तम तांदूळ आणि रताळीं जागोजाग मिळतात. डाळी व मसाले सुवॉन स्थानकाजवळच्या परदेशी वाणसामानाच्या दुकानांत मिळतात. आणि शहरांतच बोंगन्योंगसा नांवाचा भिक्षुणींचा मठ आहे. कोरियांतील बौद्ध मठांच्या स्वयंपाकांत मांस-मासळी तर नाहींच, पण कांदा-लसूणही चालत नाहीं. चातुर्मास पाळणाऱ्या सौ.ला याचें जें समाधान वाटलें, तें विमानांतून ढग पाहूनही वाटलें नव्हतें.

शेजारच्या घरांत पंचाहत्तरीच्या घरांतील एक आजीबाई एकट्या राहत. त्यांचा मुलगा दूरच्या बुसान शहरीं नोकरीला. सूनबाई त्यांना 'हाल्मोनि' म्हणे, म्हणजे आजी. आम्ही दिसलों कीं त्या हंसून विचारीत, "बाप मोगोस्सोयो?" पहिल्या दिवशीं मी गोंधळलों, या बाईंना माझ्या बापाची काय चौकशी? सूनबाई हंसूं लागली. "बाबा, 'बाप' म्हणजे भात. 'भात खाल्लात का?' असें त्या विचारताहेत." वडिलांस ते 'आप्पा' म्हणतात आणि भाताला 'बाप'. शब्दांची गंमत सोडली तरी मुद्दा राहतोच. भेटल्यावर प्रथम जेवण झालें का म्हणून विचारणारी माणसें आपल्याहून फार निराळी नसतात. वाक्यरचनाही आपल्यासारखीच: कर्ता आधीं, कर्म मग, क्रियापद शेवटीं, आणि विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागून. शिवाय आपल्या तूं-तुम्ही-आपण यांहूनही बारीक अशा आदराच्या पायऱ्या तेथें क्रियापदालाच लागतात. म्हणून नव्या ओळखींत वय विचारणें हा आगाऊपणा नसून व्याकरणाची गरज आहे. पूर्वीं तेथें मूल जन्मतांच एक वर्षाचें धरीत व नववर्षाला सर्वांचेंच वय एकानें वाढे. जून २०२३ पासून कायद्यानें बहुतेक सर्वत्र पुरीं झालेलीं वर्षें मोजावयाचें ठरलें. आजीबाई मला म्हणाल्या, "सरकारनें मला एका दिवसांत तरुण केलें, गुडघ्यांना मात्र कळवावयाचें राहिलें."

त्या वर्षीं अनंतचतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, आणि त्याच दिवशीं कोरियाचा मोठा सण 'चुसॉक' होता. त्यांच्या आठव्या चांद्रमासाची ही पौर्णिमा. त्या दिवशीं लोक आपापल्या मूळ गांवीं जातात, पूर्वजांच्या समाध्यांवरचें गवत काढतात, आणि नव्या तांदळाचें अन्न पितरांपुढें ठेवितात. आपला पितृपंधरवडा त्याच पौर्णिमेनंतर लागतो, हें मीं सांगतांच आजीबाईंनीं मान डोलाविली, जणुं त्यांना तें ठाऊकच होतें. आमच्या गणपतीचें विसर्जन न्हाणीघरांत बादलींत झालें; मोठ्यानें आरती म्हणण्यास शेजाऱ्यांचा संकोच वाटे, म्हणून आम्ही चौघांनीं ती हळूच म्हटली. आरती संपते तोंच आजीबाई ताट घेऊन दारांत उभ्या. ताटांत 'सोंगप्यॉन': तांदळाच्या उकडीच्या अर्धचंद्राकार करंज्या, आंत तीळ व गोड सारण, देवदारासारख्या झाडाच्या सुयांवर वाफविलेल्या. सौ.नें एक उचलून निरखून पाहिली आणि म्हणाली, "मुरड घातली नाहीं, बाकी मोदकच आहे." मूर्तीची माती सूनबाईनें गच्चींतील कुंडींत घातली. आजीबाईंचा मुलगा दोन दिवसांसाठीं आला होता. तिसऱ्या दिवशीं त्यांच्या दाराबाहेर एकच जोडा दिसला.

मला लिपि शिकण्याची इच्छा झाली. कोरियाची 'हांगुल' लिपि सेजोंग राजानें १४४३ सालीं रचली व १४४६ सालीं प्रजेस दिली. त्यापूर्वीं चिनी अक्षरांवांचून गत्यंतर नव्हतें, आणि तीं शिकणें सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर होतें. राजानें मूळ अठ्ठावीस अक्षरें योजिलीं. आज चौदा व्यंजनें व दहा स्वर मूळ धरतात. संस्कृत शिकलेल्या माणसानें या लिपीपुढें हात जोडावे. आपल्या शिक्षाशास्त्रानें कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्णांचे वर्ग केले. सेजोंगानें तर उच्चारस्थानाचें चित्रच अक्षरांत काढलें. 'ग'चें अक्षर म्हणजे घशाशीं उचललेलें जिभेचें मूळ, 'न'चें म्हणजे टाळूला टेकलेलें जिभेचें टोंक, 'म'चें म्हणजे मिटलेलें तोंड. अल्पप्राणाचा महाप्राण करावयाचा तर एक रेघ वाढवावयाची. शिवाय बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें गेलेले आपले शब्दही त्या भाषेंत आहेत. क्षणाला ते 'छाल्ला' म्हणतात, नरकाला 'नाराक', आणि मठांतील मंत्रांच्या शेवटीं 'स्वाहा'चा 'साबाहा' ऐकूं येतो. हजार कोसांवर आपल्या गांवचा मनुष्य म्हाताऱ्या रूपानें भेटावा, तसें मला झालें.

गुरु सूनबाई आणि शिष्य मी, अशी शाळा रोज दुपारीं भरूं लागली. नवऱ्याबरोबर गेलेल्या स्त्रीस तेथें वेगळ्या परवानगीवांचून नोकरी करितां येत नाहीं. लग्नापूर्वीं ती नागपुरांत शाळेंत विज्ञान शिकवीत असे. तिकडे गेल्यावर न्याय मंत्रालयाच्या वतीनें परदेशी लोकांसाठीं चालणाऱ्या अभ्यासक्रमांत तिनें नांव घातलें. शून्यापासून पांचपर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. तिची तिसरी चालू होती. तिनें आपली जुनी वही मला आधाराला दिली. उजवीकडे कोरियन, डावीकडे देवनागरींत उच्चार व मराठी अर्थ, आणि शिस्तीच्या विद्यार्थिनीप्रमाणें वर तारीख.

पहिलीं पानें वाचून मी हंसलों. 'यांत मांस आहे का?' 'मासळीही नको.' 'हा कचरा कोठें टाकूं?' पुढें जानेवारी २०२४ चीं पानें लागलीं. 'मला ताप आहे.' 'श्वास घेतांना दुखतें.' 'रुग्णालयांत किती दिवस राहावें लागेल?' आणि त्याखालीं, 'आजी, दारांतच ठेवा. तुम्हांला लागण होईल.' अक्षर नेहमींचें नव्हतें. ओळी वांकड्या गेल्या होत्या. तारीख १५ जानेवारी. संक्रांतीचा दिवस.

मला तो दिवस नीट आठवत होता. संक्रांतीला सुनेचा फोन आला नाहीं, म्हणून सायंकाळीं मीं तिला निरोप लिहिला होता कीं, सणाच्या दिवशीं वडील माणसांस दोन शब्द कळवावे हा आपल्या घरचा शिरस्ता आहे, परदेशांत गेल्यानें तो सुटूं नये. मोजून लिहिलेला, व्याकरणशुद्ध निरोप. तिचें उत्तर आलें होतें: 'चुकलें, बाबा. पुन्हां असें होणार नाहीं.' त्या उत्तरानें माझें समाधान झालें होतें.

मीं वही तिच्यापुढें धरली. ती क्षणभर गप्प राहिली. मग थोडक्यांत सांगितलें कीं, फुप्फुसाला सूज होती, आठ दिवस रुग्णालयांत काढले. यांना चारच दिवस रजा मिळाली. घरीं आल्यावर आजी रोज तांदळाची पेज दारांत ठेवून जात. "तुम्हांला कळवून काळजीशिवाय काय झालें असतें, बाबा?" मी म्हटलें, "सूनबाई, तो निरोप मीं पाठवावयास नको होता." एवढें बोलण्यास मला किती वेळ लागला हें तिला कळलें असावें. तिनें वही मिटली आणि "चहा टाकतें" म्हणून उठली.

त्या रात्रीं मीं सौ.ला ही हकीकत सांगितली. तिला ती आठवड्यापूर्वींच कळली होती. बायकांच्या स्वयंपाकघरांतल्या बातम्या पुरुषांपर्यंत उशिरां पोंचतात, आणि तेंच बरें असतें.

ऑक्टोबरांत झाडांचीं पानें तांबडीं झालीं, तेव्हां चिरंजीवांनीं मला ह्वासॉंगचा कोट दाखविला. साधारण पावणेसहा किलोमीटरांचा हा तट चॉंगजो राजानें १७९४ ते १७९६ या काळांत बांधविला. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहे. त्याच्या मागची कथा ऐकण्यासारखी आहे. राजाचा पिता, युवराज सादो, याला १७६२ सालीं त्याच्याच बापाच्या, म्हणजे तेव्हांच्या राजाच्या, आज्ञेनें तांदळाच्या पेटींत कोंडण्यांत आलें, व तेथेंच त्याचा अंत झाला. त्या वेळीं सुमारें दहा वर्षांचा असलेला मुलगा पुढें राजा झाला. त्यानें बापाची समाधि सुवॉनजवळ आणविली आणि समाधीच्या जवळ राहतां यावें म्हणून हें नगर वसविलें. १७९५ सालीं याच नगरांतील वाड्यांत त्यानें आपल्या आईची साठी साजरी केली. साठ वर्षांचें चक्र त्यांच्याकडेही आहे. आपलीं प्रभवादि संवत्सरें जशीं साठांनीं फिरून येतात तसेंच. बांधकामाची इतकी तपशीलवार नोंद ठेविली होती कीं मजुरांची मजुरीसुद्धां तींत आहे. १९५० सालच्या युद्धांत पडलेला भाग पुढें त्या नोंदीवरूनच पुन्हां उभारतां आला.

त्या युद्धाशीं एका महाराष्ट्रीय सेनानीचें नांव जोडलेलें आहे. १९५३ सालीं युद्धविराम झाल्यावर, मायदेशीं परतण्यास नाकबूल असलेल्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण हिंदुस्थानच्या सैन्याकडे आली. त्या दलाचे मुख्य मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे होते, कोल्हापूरकडील वडगांवचे. दक्षिण कोरियाच्या तत्कालीन सरकारनें आमच्या शिपायांस आपल्या भूमीवर पाय ठेवूं दिला नाहीं. जहाजांवरून हेलिकॉप्टरांनीं त्यांना सरळ मधल्या पट्ट्यांत उतरवावें लागलें. जेथें थोरातांच्या शिपायांना उतरूं दिलें नाहीं, तेथें आज माझी सून वाणसामान आणावयास जाते, हा विचार तटावरून चालतांना माझ्या मनांत आला.

मी छायाचित्रांचा विषय काढणार, तोंच चिरंजीव म्हणाले, "बाबा, वरच्या मजल्याचीं छायाचित्रें तुमच्या बॅगेंत आहेत हें आईनें पहिल्याच आठवड्यांत सांगितलें." मग तटाच्या दगडावर बसून त्यांनीं सगळें उलगडून सांगितलें. दीर्घ वास्तव्याच्या परवान्यासाठीं ते अर्ज करणार होते. तो मिळाला तर सूनबाईस काम करण्याचा मार्ग मोकळा होईल. "तिनें हीं वर्षें एकटीनें काढलीं तीं यासाठीं. आतां उठून आलों तर तीं वर्षें वायां जातील. आम्ही कधींच येणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण बाबा, तुम्ही वाट पाहत बसूं नका."

मला राग येईल असें मला वाटलें होतें; तो आला नाहीं. वाईट मात्र वाटलें, आणि तें अजून गेलेलें नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे. चॉंगजो राजानें मेलेल्या बापाच्या जवळ राहण्यासाठीं शहर वसविलें. मी जिवंत मुलानें जवळ राहावें म्हणून एक मजला बांधला होता. पण आपल्या बांधण्यानें दुसऱ्यावर राहण्याचें बंधन पडत नाहीं. मी एवढेंच विचारलें, "मग वरचा मजला भाड्यानें देऊं?" ते म्हणाले, "द्या." घरीं आल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, कपाटांची ती एक खोली मात्र सध्यां बंद ठेवाल का?" मी हो म्हटलें.

नोव्हेंबरांत घरोघर किमची घालण्याचा हंगाम येतो. त्याला 'किमजांग' म्हणतात. चैत्र-वैशाखांत आपल्याकडे पापड, सांडगे, कुरडया आणि लोणचीं यांसाठीं आळी गोळा होते, तसाच प्रकार. २०१३ सालीं युनेस्कोनें या रिवाजाची मानवतेच्या वारशांत नोंद केली. आजीबाईंचा मुलगा येऊं शकला नव्हता, सौ. आणि सूनबाई पदर खोंचून त्यांच्याकडे गेल्या. पन्नास-साठ कोबी मिठांत मुरले, धुतले गेले, पानापानाला मसाला लागला. आणि त्यांतले चार कोबी आजीबाईंनीं आधींच वेगळ्या भांड्यांत, मठाच्या रीतीनें, मासळी-लसणावांचून घालून ठेविले होते. "ही आपली सोंवळ्यांतली," असें सौ.नें जाहीर केलें. बदल्यांत तिनें गोळाभात केला व वर हिंग-मोहरीचें तेल घातलें. आजीबाईंनीं दोनदां मागून घेतला. त्याच सुमारास चेजू बेटावरचीं संत्रीं बाजारांत आलीं. गोड आहेत, बीही नाहीं. पण नागपुरी संत्र्याचा आंबटगोडपणा त्यांत नाहीं, हें माझें मत मी सोडलें नाहीं.

आमच्या निघण्याच्या दोन दिवस आधीं, २७ नोव्हेंबरला, अवेळीं मोठी हिमवृष्टि झाली. सोलमध्यें १९०७ पासूनच्या नोंदींत नोव्हेंबरांतील एवढा बर्फ नव्हता. खिडकीबाहेर पांढरें जग, आणि आंत जमीन ऊबदार. कारण फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेलेल्या असतात. पूर्वीं चुलीचा धूर जमिनीखालून खेळवून खोल्या ऊबदार करीत, त्याचेंच हें नवें रूप. आम्ही पांचहीजण, आजीबाई धरून, त्या जमिनीवर बसून भाजलेलीं रताळीं खाल्लीं. छायाचित्रें मीं सूनबाईच्या हातीं दिलीं. तिनें कपाटांचें तेवढें ठेवून घेतलें.

बेसा येथें परतल्यावर पौषापर्यंत वरच्या मजल्यास भाडेकरू मिळाले. ओडिशाकडील तरुण जोडपें. नवरा मिहानमध्यें कामाला, बायको मराठीचें अक्षर न जाणणारी. सामान उतरवितांना रात्र झाली. सौ. गोळाभाताचें पातेलें घेऊन वर गेली आणि खुणेनें विचारूं लागली, जेवण झालें का. मी मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन गेलों. ती मुलगी संकोचून उभी होती. मोडक्या हिंदींत तिनें मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, येथें कचऱ्याची गाडी किती वाजतां येते?"

मीं तिला वेळ सांगितली, आणि ओला कोणता व सुका कोणता हें दोनदां नीट समजावून दिलें.